चहा, आग्रह आणि संमती

इंग्लंडमधल्या विद्यापीठात शिकायला आलात की पहिल्या दोन आठवड्यांत बरंच काही अंगावर येतं. जीपीकडे नाव नोंदवा, बँकेत खातं उघडा, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं ते शिका. याच गर्दीत कधीतरी एखाद्या हॉलमध्ये किंवा ऑनलाइन मॉड्यूलमध्ये एक छोटी ॲनिमेशन फिल्म तुमच्यापुढे येते. काड्यांची माणसं, ब्रिटिश आवाज आणि विषय चहा.

एमेलिन मे या लेखिकेनं आपल्या ब्लॉगवर लैंगिक संमतीची तुलना चहाशी केली होती. ब्लू सीट स्टुडिओजनं त्यावर ॲनिमेशन केलं आणि २०१५ मध्ये थेम्स व्हॅली पोलिसांनी ते आपल्या मोहिमेत वापरलं. तिथून ते जगभर गेलं. तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधीतरी येऊन गेलं असेल.

मी ही फिल्म आधी विद्यार्थिनी म्हणून पाहिली. आता पोस्टडॉक म्हणून सेमिनार घेते, तर दोनदा ती दाखवायची वेळही माझ्यावर आली. त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचा हक्क मिळवलाय असं समजते. माझं मत आधीच सांगते: फिल्म चांगली आहे, पण ती जिथं थांबते तिथं खरा प्रश्न सुरू होतो. आणि आपल्यासारख्या, आग्रहाच्या घरांतून आलेल्या लोकांना तर तो प्रश्न आणखीच जवळचा आहे.

आधी चांगलं काय ते. तुम्ही कुणाला चहा विचारलात आणि त्यांनी नको म्हटलं, तर पाजू नका. हो म्हणून नंतर मन बदललं, तर कपासाठी रागावू नका. गेल्या शनिवारी घेतला होता म्हणजे आजही हवाच असं नाही. आणि माणूस बेशुद्ध असेल तर चहाचा प्रश्नच येत नाही. आधी हो म्हटलं असलं तरी नाही. हे सगळं ती तीन मिनिटांच्या आत सांगते, कुणाला न ओरडता. दारूच्या नशेत झोपलेल्या मुलीबद्दल ‘तीच एवढी का प्यायली?’ असं विचारणाऱ्या समाजात (आणि यात इंग्लंड आणि महाराष्ट्र दोन्ही आले) एवढं स्पष्ट कुणी बोललं, तर त्याचं मोल आहेच.

पण पहिल्यांदा फिल्म संपली तेव्हा शेजारी बसलेला नागपूरचा एक मित्र हळूच म्हणाला, “आपल्याकडे असा चहा कोण पाजतं गं?”

आम्ही हसलो. पण तो बरोबर बोलला होता. आपल्या घरात ‘चहा घेणार का?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘नको’ असतं. दुसरं ‘नको, आत्ताच झाला’. मग ‘अर्धा कप तरी’, मग ‘तुमच्याबरोबर घोटभर’, आणि शेवटी कप हातात. पहिल्या नकोवर थांबणारी यजमानीण आपल्याकडे कंजूष ठरते आणि पहिल्या फटक्यात हो म्हणणारा पाहुणा अधाशी. आढेवेढे घेणं हा शिष्टाचार, आग्रह करणं हेही प्रेम. अशा घरातून आलेल्या मुलाला तुम्ही सांगता, की संमती चहाइतकी सोपी आहे. त्यानं यातून नेमकं काय शिकावं?

यावर दोन सोपी उत्तरं तयार असतात आणि दोन्ही चुकीची आहेत. एक म्हणजे, ‘आपली संस्कृतीच अशी, आपल्याकडच्या मुलांना नाही कळतच नाही’. दुसरं म्हणजे, ‘मग मुलींनी ठणकावून नाही म्हणायला शिकावं’.

पहिल्याचं आधी बघू. आग्रह करणाऱ्या बाईला खरा नको कळत नाही का? चांगला कळतो. पाहुण्याला उपास आहे, ॲसिडिटी आहे, साखर वाढलीय, किंवा तो नुसता उठून जायच्या बेतात आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळतं आणि ती थांबते. आग्रहाचा अख्खा खेळ समोरच्याकडे नीट लक्ष असण्यावर चालतो. शिवाय पाहुणा कप तसाच ठेवून उठू शकतो. त्यानं त्याचं काही बिघडत नाही. म्हणजे ‘तिच्या नकोचा अर्थ मला कळला नाही’ या सबबीला आपली आग्रहाची संस्कृतीसुद्धा आधार देत नाही.

दुसऱ्या उत्तरासाठी मला एक प्रसंग सांगावा लागेल. त्यात मी चांगली दिसत नाही.

मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षात होते. मास्टर्सला आलेली एक मराठी मुलगी ओळखीची झाली होती, मला ताई म्हणायची. एका रविवारी ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. हा मजकूर तिनं वाचलाय आणि छापायला हो म्हटलंय.) चहा नको म्हणाली, तरी मी केलाच. मग तिनं सांगितलं, की कोर्समधल्या एका मित्राकडे असाइनमेंटसाठी गेली होती आणि तिथं काय झालं. ती बोलून थांबली आणि मी, शिकलेली, स्त्रीवादी वगैरे म्हणवणारी मी, विचारलं, “पण तू त्याला नाही म्हणालीस ना?”

ती म्हणाली, “ताई, मी म्हटलं, मला उशीर होतोय.”

मी पुढे विचारलं, एवढ्या उशिरापर्यंत थांबलीसच कशाला. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. कप तसाच ठेवून गेली.

त्यानंतर बऱ्याच काळानं माझ्या वाचनात सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांचा १९९९ मधला एक शोधनिबंध आला. स्त्रियांना ‘सरळ नाही म्हणा’ असं शिकवणाऱ्या कार्यक्रमांवर ती टीका आहे. त्यांचं म्हणणं असं: रोजच्या व्यवहारात माणसं जवळजवळ कधीच सरळ नाही म्हणत नाहीत. जेवायचं निमंत्रण नाकारताना आपण थोडं थांबतो, ‘अगं, बरं झालं असतं, पण...’ म्हणतो, एखादं कारण देतो. आणि ऐकणाऱ्याला नकार बरोबर कळतो, बरेचदा वाक्य पूर्ण व्हायच्या आतच. मग शरीराच्या बाबतीतच हा नकार अचानक अपुरा का ठरावा? न ऐकण्याची जबाबदारी बोलणारीवर का टाकायची?

‘मला उशीर होतोय’ हे पूर्ण मराठीतलं, अगदी स्पष्ट ‘नाही’ आहे. लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांना कळतं. त्या खोलीत ते त्याला कळलं नाही असं मानायचं, आणि माझ्या किचनमध्ये मलाही कळलं नाही, तर मग अडचण तिच्या शब्दांत नव्हती.

हा फक्त घरगुती घोळ असता तर एक वेळ सोडून देता आला असता. पण तो कोर्टापर्यंत जातो. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका परदेशी संशोधक विद्यार्थिनीच्या तक्रारीवरच्या खटल्यात आरोपीला निर्दोष सोडलं. एकमेकांना ओळखणाऱ्या, सुशिक्षित माणसांमध्ये क्षीण आवाजातलं ‘नाही’ हे ‘हो’ही असू शकतं, असा युक्तिवाद त्या निकालात आहे. २०१३ च्या दुरुस्तीनं कायद्यात संमतीची व्याख्या आधीच आलेली होती: निःसंदिग्ध, स्वेच्छेनं दिलेला होकार, शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य मार्गानं, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरायची नाही. तरीही ‘क्षीण नाही’ निकालपत्रात शिरलंच.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण परदेशात राहून या विषयावर बोललं की ‘ही तुमची तिकडची फॅडं’ असं ऐकावं लागतं. संमती म्हणजे काय, हा वाद आपण तिकडून आणलेला नाही. तो महाराष्ट्रातच पेटला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रीची वेळ, पोलीस चौकी आणि समोर वर्दी असताना ती मुलगी ओरडली नाही, यावरून तिची इच्छा कशी काय कळते? त्या पत्रानंतर देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीनं सांगितलं, तर कोर्टानं ते खरं धरून चालावं, असं कलम त्यात आलं.

म्हणजे ‘मौन ही संमती’ या आपल्या जुन्या म्हणीला पुराव्यानिशी उत्तर आपल्याकडेच, चहाच्या फिल्मच्या छत्तीस वर्षं आधी दिलं गेलं होतं.

आता त्या पत्रापुढे फिल्म ठेवून बघा. इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्यातलं ७४ वं कलम म्हणतं, की माणूस स्वतःच्या निवडीनं तयार होतो आणि ती निवड करायचं स्वातंत्र्य आणि क्षमता त्याच्याकडे असते, तेव्हाच ती संमती. स्वातंत्र्य आणि क्षमता, दोन्ही. फिल्म क्षमतेबद्दल उत्तम बोलते: बेशुद्ध माणूस, झोपलेला माणूस. स्वातंत्र्याबद्दल मात्र ती एक शब्द बोलत नाही. तिच्यातल्या काड्यांच्या माणसांना नोकरी नाही, व्हिसा नाही, भाडं नाही. दोघंही सारखीच, दोघांनाही दार उघडून जाता येतं.

तुम्ही विद्यार्थी म्हणून इथं आला असाल तर तुमच्या आयुष्यात तसं नसतं, हे तुम्हाला माहितीये. घराच्या करारावर ज्याचं नाव आहे तो हाउसमेट. पार्टटाइम काम मिळवून देणारा ओळखीचा ‘दादा’. ज्याच्या शिफारसपत्रावर पुढची तीन वर्षं ठरणार आहेत तो सुपरवायझर. यांच्यापैकी कुणी चहा विचारला, तर नको म्हणायची किंमत वेगळी असते. म्हणून मला आता वाटतं, की ‘ती नाही म्हणाली का?’ याच्या आधीचा प्रश्न ‘तिला नाही म्हणता येत होतं का?’ हा आहे. आणि तो विचारायची जबाबदारी ज्याच्याकडे ताकद जास्त त्याची. मी सेमिनार घेते म्हणजे आता यात मीही आले. यूसीएलनं २०२० मध्येच प्राध्यापकांना ते थेट शिकवत असलेल्या विद्यार्थ्यांशी जवळीक करायला बंदी घातली. १ ऑगस्ट २०२५ पासून ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेची ‘ई-सिक्स’ ही अट इंग्लंडमधल्या विद्यापीठांना लागू झालीय. असे संबंध आणि त्यातून होणारा सत्तेचा गैरवापर यांबद्दल विद्यापीठाला आता ठोस पावलं उचलावी लागतात. हा बदल चहाच्या उपमेतून झाला नसता.

फिल्म आणखी एका बाबतीत लवकर संपते: घडून गेल्यावर काय? या बाबतीत मला मायकेला कोलची २०२० मधली ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ ही मालिका फार प्रामाणिक वाटते. लंडनमधली लेखिका अराबेला आणि तिचा मित्र क्वामे, दोघांवरही अत्याचार होतो. अराबेलाला पोलीस ठाण्यात दोन बायका शांतपणे ऐकून घेतात. क्वामे, समलिंगी पुरुष, तक्रार द्यायला जातो तेव्हा समोरचा अधिकारीच अवघडून जातो आणि क्वामे उठून निघून येतो. शहर एक, कायदा एक, पण पहिल्या ऐकणाऱ्यानं कसं ऐकलं यावर पुढचं सगळं बदलतं. मालिकेची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. अराबेला स्वतः क्वामेशी एकदा फार वाईट वागते. म्हणजे ज्याला लागलंय तोही दुसऱ्याचं ऐकण्यात कमी पडू शकतो. काड्यांच्या माणसांना हे जमणार नाही, मान्य. पण मग विद्यापीठांनी ‘फिल्म दाखवली, काम झालं’ असं मानू नये.

माझ्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? विद्यापीठात तिला एका ऑफिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाठवलं गेलं आणि तीच गोष्ट तीनदा सांगावी लागली. शेवटी मदत मिळाली ती विद्यापीठाबाहेर. तिनं पोलीस तक्रार केली नाही. एक टर्म उशिरा डिग्री पूर्ण केली. तेव्हा मला खालच्यापैकी काहीही माहीत नव्हतं. ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

इंग्लंडमध्ये ‘सार्क’ नावाची केंद्रं असतात, सेक्शुअल असॉल्ट रेफरल सेंटर. मँचेस्टरचं सेंट मेरीज हे त्यातलं पहिलं, १९८६ चं. तिथं पोलिसांकडे न जाता थेट जाता येतं, स्त्री असो की पुरुष. पुरावा म्हणून नमुने घेऊन ठेवतात आणि तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येतं. जितकं लवकर तितकं बरं, पण काही नमुने सात दिवसांपर्यंतही मिळू शकतात, म्हणून ‘आता उशीर झाला’ असं स्वतःच ठरवू नका. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी प्रकारानुसार तीन ते पाच दिवसांत. लैंगिक अत्याचारामुळे लागणाऱ्या एनएचएस उपचारांना परदेशी माणसालाही पैसे पडत नाहीत. आणि वर्षं उलटली असली तरी रेप क्रायसिसची इंग्लंड-वेल्समधली चोवीस तासांची लाइन आहे: ०८०८ ५०० २२२२. जिवाला धोका असेल तर अर्थात ९९९.

सोबत चालणारं कुणी हवं असेल तर ‘इस्वा’ मागा. हे सल्लागार पोलिसांचे नसतात, विद्यापीठाचेही नसतात. विद्यापीठात बोलताना एक फरक लक्षात ठेवा: घडलेलं सांगणं वेगळं आणि औपचारिक तक्रार करणं वेगळं. पहिलं केलं म्हणून दुसरं करावंच लागत नाही, आणि तक्रार न करताही आधार मागता येतो. विद्यापीठाच्या चौकशीत पुराव्याची पट्टी फौजदारी खटल्यापेक्षा खाली असते: काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच बघतात. ई-सिक्सनुसार ही सगळी माहिती विद्यापीठानं एकाच ठिकाणी, उघडपणे ठेवायची असते आणि गप्प बसवणारे करार करता येत नाहीत. तक्रारीवरचा विद्यापीठाचा शेवटचा निर्णय पटला नाही, तर ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे बारा महिन्यांत जाता येतं.

आणि आपल्या लोकांना सगळ्यात आधी पडणारे दोन प्रश्न. घरी कळेल का? तुम्ही सज्ञान आहात. जिवाचा प्रश्न नसेल तर तुम्हाला विचारल्याशिवाय विद्यापीठ आईवडिलांना कळवत नाही. पोलीस तक्रार केलीत तर तुमची ओळख जन्मभर छापता येत नाही, तसा १९९२ चा कायदा आहे. व्हिसा जाईल का? व्हिसा चालू असताना तक्रार केली म्हणून तो जात नाही. पण शिक्षण मध्येच थांबवलं तर त्याचा व्हिसावर परिणाम होतो. म्हणून सुट्टी किंवा ब्रेक घ्यायच्या आधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराशी बोला, नंतर नको.

भारतातून वाचत असाल तर तुमच्या कॉलेजात अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, कारण असेल तर आणखी तीन. ती समिती कुणाची, कुठे बसते, हे आजच शोधून ठेवा. लागल्यावर शोधणं फार जड जातं.

पण या सगळ्याच्या आधी तुम्ही येता. सार्क नाही, इस्वा नाही. बहुतेक वेळा पहिलं ऐकणारं माणूस म्हणजे रूममेट, ताई, मावसभाऊ, लॅबमधला मित्र. त्या वेळी तुम्हाला कायदा पाठ असायची गरज नाही. ‘का गेलीस, का थांबलीस, का नाही ओरडलीस’ हे तीन प्रश्न गिळा. ‘तुझ्यावर विश्वास आहे. तुला आत्ता काय हवंय?’ एवढं विचारा. ती म्हणाली काहीच नको, तर काहीच करू नका. पोलीस नको म्हणाली तर तुमच्या संतापापोटी तिला पोलीस ठाण्यात नेऊ नका. ज्याच्या हातून एकदा निवड काढून घेतली गेलीय, त्याच्या मदतीची सुरुवात निवड परत देण्यानंच होते. इथं आग्रह नको.

या वर्षी सेमिनारमध्ये फिल्म दाखवल्यावर मी ती बंद करून वर्गाला एक प्रश्न विचारला: गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाला कशाला नाही म्हणालात, आणि कुठल्या शब्दांत? फळ्यावर वीस-बावीस वाक्यं जमली. ‘बघते’, ‘जमलं तर’, ‘आज जरा डोकं दुखतंय’, ‘उद्या लवकर उठायचंय’. सरळ ‘नाही’ एकही नव्हतं. आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला कळत होता.